समासाचा विग्रह करता आला पाहिजे

जावास्क्रिप्टमध्ये लहान लहान ऑब्जेक्ट जोडून मोठे ऑब्जेक्ट घडवायचे असेल, तर एक साहाय्यक फंक्शन लिहावे म्हणजे काम सोपे होते, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. ओळी कमी होणे आणि गोष्ट सोपी होणे या दोन भिन्न बाबी आहेत.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणारी एक गाडी आज्ञावलीत मांडायची आहे, असे समजा. 'प्रवासी' आणि 'सामान' असे दोन घटक स्वतंत्र लिहिले. दोहोंतही 'उतरव' नावाची कृती आहे. २०१५ साली भाषेत आलेल्या 'ऑब्जेक्ट.असाइन'ने दोन्ही घटक 'गाडी'त ओतले, की नंतरचे 'उतरव' आधीच्याला पुसून टाकते. ना इशारा, ना तक्रार. महाबळेश्वरी सामान खाली येते, प्रवासी बसूनच राहतात. शिवाय रिकाम्या आसनांची संख्या दर वेळी मोजून सांगणारा 'गेटर' घटकात असेल, तर जोडणीच्या क्षणीचा आकडा तेवढा उचलला जातो. पुढे कितीही जण चढोत, आकडा तोच.

शाळेत आपण समास शिकलो. 'आईवडील' या द्वंद्वात दोन्ही पदे समान मानाची. 'राजवाडा' या तत्पुरुषात उत्तरपद प्रधान, तरी पूर्वपद अर्थासह शिल्लक असते. विग्रह करताच ते हाती येते. या फंक्शनांचा आव द्वंद्वाचा, पण पूर्वपदाचा मागमूसही ती ठेवत नाहीत. याला समास कसे म्हणावे?

'म्हणूनच क्लास आणि वारसा बरा', असे काही जण म्हणतील. परंतु तेथेही अपत्याची कृती पित्याच्या कृतीला निमूटपणे झाकते, आणि थेट पिता एकच असू शकतो.

नॅथनेल शार्ली व सहकाऱ्यांनी २००३ साली 'ट्रेट्स'ची मांडणी केली. तीत दोन घटकांच्या नावांचा संघर्ष जोडणाऱ्याने उघडपणे सोडवावा लागतो. आपल्या साहाय्यक फंक्शनानेही हेच करावे: आधी नावे तपासावीत, तीच नावे पुन्हा आढळल्यास काम थांबवून तसे सांगावे, नवी नावे मागावीत, आणि गुणधर्म त्यांच्या वर्णनासह (डिस्क्रिप्टर) जसेच्या तसे उचलावेत. वर्णने एकत्र मिळवण्याची सोय भाषेत २०१७ पासून आहे.

यासाठी दहा ओळी अधिक लागतील. लागू द्यात. जी जोडणी पुन्हा सोडवून पाहता येत नाही, ती सोपी नव्हे, केवळ आखूड आहे.