आमचे ‘पानी’ अशुद्ध कसे?

शहापूर-मुरबाडकडे कुणबी, आगरी, ठाकर ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात; आम्हीही म्हणतो. पांढरपेशा कानांना त्यांचे ‘पानी’ गावंढळ वाटते आणि आमचे मुसलमानी! ‘ण’ नीट उच्चारला, तर वर कौतुक : ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ आम्ही या भाषेत पाहुणे आहोत काय? शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा शाहीर अमर शेखांच्या आवाजाने पेटल्या. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती त्यांचा उच्चार ‘शुद्ध’ ठरला, एवढेच. नोकरीच्या मुलाखतीसाठी आमची पोरे तो शिकतील. पण २०२४ साली अभिजात ठरलेल्या मराठीत आमचे ‘पानी’ही आहे, त्याला अशुद्ध म्हणणे आम्हाला मान्य नाही.