सुखाचा जमाखर्च

सुट्टीवर गेलं की काहीतरी 'बघून' यायचं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. देवळं, किल्ले, संग्रहालयं, धबधबे. परत आल्यावर शेजारीपाजारीही 'काय काय पाहिलंत?' एवढंच विचारतात. साठी उलटलेलं जोडपं नुसतं खायला, गाणं ऐकायला आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर भटकायला एका परक्या शहरात चार दिवस राहून आलं, असं सांगितलं की समोरचा जरा गप्पच होतो. 'या वयात?' हा प्रश्न तो विचारत नाही, पण आपल्याला ऐकू येतो. माझं उत्तर असं, की चैन ही काही हलकी गोष्ट नव्हे. मात्र ती कुणाच्या कष्टांवर उभी आहे, हे चैन करणाऱ्याला ठाऊक हवं.

शहर न्यू ऑर्लिन्स. ह्यूस्टनला मुलाकडे गेलो होतो, तिथून मोटारीने पाच-सहा तासांचा रस्ता. १७१८ साली फ्रेंचांनी मिसिसिपीच्या काठी हे गाव वसवलं, पुढे काही दशकं ते स्पॅनिशांकडे होतं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियानाचा सगळा मुलूखच विकत घेतला, त्यात तेही आलं. या राज्यकर्त्यांच्या ताटाखाली राबले ते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. शहराची खरी चव आणि खरा सूर त्यांच्याकडून आला.

'गम्बो' हा तिथला मानाचा पदार्थ घ्या. कोळंबी, खेकडे, सॉसेज घातलेला दाट रस्सा, भातावर वाढलेला. गम्बो हा शब्द आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलेला. आपण भेंडीची तार जावी म्हणून धडपडतो, इथे रस्सा दाट व्हायला ती तारच हवी असते! स्निग्धात पीठ तांबूस होईतो परतायची रीत फ्रेंचांची, आणि भेंडीऐवजी कधी घालतात ती ससाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची. एका वाडग्यात तीन खंडांचा इतिहास, आणि आमचे हे मात्र म्हणत होते, "अगं, थोडं कोकम हवं होतं!"

सोमवारी तिथे राजमा-भात. सोमवार हा धुण्याचा दिवस. रविवारच्या मांसाचं उरलेलं हाड घालून राजमा मंद आचेवर ठेवायचा, धुणं होईपर्यंत तो शिजतो. बायकांच्या कष्टांतून निघालेली ही युक्ती आज उपाहारगृहांत मिरवते. १९०१ साली या गावात जन्मलेले लुई आर्मस्ट्राँग जगभर गाजले, तरी पत्राखाली सही करताना राजमा-भाताची आठवण घालायचे.

संगीताचंही तसंच. गुलामांना रविवारी दुपारी थोडी मोकळीक असे. ते काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात जमत, ढोल वाजवीत, नाचत. ती जागा आज आर्मस्ट्राँग यांच्याच नावाच्या बागेत आहे. गुलामगिरी संपल्यावरही काळ्या माणसाला विमा मिळणं मुश्कील होतं. म्हणून त्यांनी वर्गणी काढून मंडळं स्थापली. आजारपणात औषध, मेल्यावर मानाने अंत्यविधी आणि त्यासाठी वाजंत्री. त्या परंपरेतली मंडळं आजही आहेत आणि त्यांना म्हणतात 'सोशल एड अँड प्लेजर क्लब'. मदत आणि मौज एकाच नावात! अंत्ययात्रेत दफनापर्यंत बँड संथ, दुःखी सूर वाजवतो आणि मृताला निरोप दिला की तोच बँड नाचरी चाल धरतो. मागून चालणारे छत्र्या, रुमाल फिरवीत नाचतात. ती 'सेकंड लाइन'. रविवारी तिच्या मिरवणुकाही निघतात. तेव्हा हा आनंद दुःखाकडे पाठ फिरवून आलेला नाही, दुःखाच्या मागोमाग चालत आला आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरीना वादळात बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. २००० साली ४ लाख ८५ हजारांच्या घरात असलेली वस्ती २०२० च्या जनगणनेत ३ लाख ८४ हजार भरली. परागंदा झालेल्यांत वादकही होते. त्यांच्यासाठी 'म्युझिशियन्स व्हिलेज' ही घरांची वसाहत मुद्दाम उभारावी लागली. पुढे जुन्या वस्त्यांतली घरं पर्यटकांना रोजच्या भाड्याने देण्याचा धंदा असा फोफावला की शहराला त्यावर निर्बंध घालावे लागले. ज्यांचं वाजवणं ऐकायला आपण जातो, त्यांनाच आपल्यामुळे तिथे घर परवडेनासं व्हावं, हा कुठला न्याय? आम्ही म्हणूनच हॉटेलात उतरलो.

फ्रेंचमन स्ट्रीटवर रात्री दारादारांतून सूर येतात. पुष्कळ ठिकाणी प्रवेशशुल्क नाही. एखादं पेय घ्यायचं आणि बसायचं. मध्येच बादली फिरते. पहिल्या रात्री हे हळूच म्हणाले, "पेयाचे पैसे दिले ना आपण? मग पुन्हा कशाला?" मी म्हटलं, "अहो, ते बारवाल्याला. हे ट्रम्पेटवाल्याला." मग ह्यांनी खिशात हात घातला आणि पुढच्या तिन्ही रात्री सुट्ट्या नोटा आठवणीने तेच काढून ठेवत होते.

पर्यटकांच्या पैशावरच हे शहर चालतं, मग एवढा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. पैसा येतो हे खरंच; प्रश्न तो कुठे पोचतो हा आहे. बोर्बन स्ट्रीटवर प्लास्टिकच्या पेल्यात गोड दारू घेऊन आरडाओरडा करणाऱ्याचाही पैसा शहरात राहतो, पण त्यातून क्लॅरिनेट शिकणाऱ्या पोराच्या हाती किती पडतं? १९६१ पासून चालू असलेल्या प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये मैफल चालते तिथे साधी बाकं असतात, बार नाही. तिकीट घ्यायचं आणि ऐकायचं. मला तो व्यवहार स्वच्छ वाटला. नाटकाचा फुकट पास मिळाला की प्रतिष्ठा वाढली असं मानणाऱ्या आपल्या लोकांनी तो जरूर पाहावा.

तेव्हा मंडळी, जरूर जा. वयाचा विचार करू नका. पोटभर खा, रात्र जागवा, एकमेकांचा हात धरून चाला. फक्त सहलीच्या अंदाजपत्रकात विमान, हॉटेल आणि जेवणाबरोबर एक रकाना वादकांसाठी ठेवा, आणि काटकसर करायची वेळ आली तर ती खरेदीत करा.