रॅपरवर छापलेला ‘सी’

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्राचा मांडव उतरला, रस्ता गाड्यांना मोकळा झाला की माझ्या दुरुस्तीच्या दुकानात रिमोटवर उडणाऱ्या विमानांची पोरं यायला लागतात. बहुतेक इंजिनीअरिंगची. कुणाला एक्सटी-६० कनेक्टर सोल्डर करून हवा असतो, कुणाचा मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी जळालेला असतो. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: ‘काका, लिपो बॅटरी ४० सी घेऊ की ६० सी?’ मी म्हणतो, आधी शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून ये.

‘सी’ म्हणजे बॅटरीतून वीज किती वेगाने उपसता येते त्याचा आकडा. २२०० एमएएच क्षमता आणि २५ सी, म्हणजे २.२ गुणिले २५, एकूण ५५ अँपिअर. किलोभर वजनाचं फोमचं शिकाऊ विमान पूर्ण थ्रॉटलला वीसेक अँपिअर ओढतं. म्हणजे छापलेल्यातलं निम्मं खरं निघालं तरी भागलं. मग ६० सीचे जादा पैसे कशाचे? हा आकडा ठरवायची सर्वमान्य पद्धतच नाही. आपलं आयएस १६०४६ हे मानक सेलच्या सुरक्षेचं आहे, ‘सी’च्या खरेपणाचं नाही. छापणाऱ्याला वाटेल तो आकडा छापतो.

काटा मात्र सहसा फसवत नाही. जास्त करंट द्यायचा तर सेलच्या आत धातूचा पत्रा जाड लागतो, म्हणून वजन वाढतं. एकाच क्षमतेच्या २५ सी आणि ६० सी बॅटऱ्या सारख्याच भरल्या, तर फरक रॅपरमध्येच आहे असं समजावं.

दुसरी परीक्षा अंतर्गत रोधाची. बरे चार्जर तो मिलिओहममध्ये दाखवतात. तीन सेलच्या चांगल्या बॅटरीत प्रत्येक सेल ८ मिलिओहमचा धरा. मग २० अँपिअरला अर्धा व्होल्ट आतच पडतो आणि दहाएक वॅट उष्णता होते. हाच रोध सेलमागे २५ वर गेला की दीड व्होल्ट पडतो, उष्णता ३० वॅट. सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही बंद फोमच्या पोटात! व्होल्टेज पडून विमान सुस्त झालं, की पोरं मोटर बदलायला निघतात.

मोठी बॅटरी घेतली की त्याच प्रमाणात जास्त वेळ उडेल, हाही असाच एक गोड समज. वजन वाढलं की हवेत राहायला वेग जास्त लागतो, वेगाला करंट लागतो, आणि उतरताना विमान दगडासारखं येतं. २२०० च्या दोन घ्याव्यात, एक विमानात आणि एक खिशात. सरासरी बारा अँपिअर धरले आणि वीस टक्के शिल्लक ठेवले तरी एकीवर आठ-नऊ मिनिटं मिळतात. नवशिक्याचे हात तेवढ्यात थरथरायला लागलेलेच असतात.

आपल्याकडे लिपो उडवून कमी आणि पावसाळ्यात ठेवून जास्त मरतात. जूनमध्ये विमान माळ्यावर जातं, बॅटरी पूर्ण चार्ज, सेलमागे ४.२ व्होल्ट, तशीच कपाटात. दसऱ्याला काढावी तर उशीसारखी फुगलेली. ती ३.८ वर आणून ठेवायची असते. चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ हा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे. आणि चार्जिंग लाकडी पोटमाळ्यावर नको. फरशीवर, डोळ्यांसमोर, एक सी दरानेच, म्हणजे २२०० ला २.२ अँपिअर. तासभर बसवत नसेल त्याने पतंग उडवावा.

फुगलेल्या बॅटऱ्यांचं काय करायचं, हे तर कुणी विचारतच नाही. त्या सुक्या कचऱ्यातून घंटागाडीत जातात, पुढे कुठेतरी दाबल्या जातात, आणि फाटलेला लिपो पेट घेऊ शकतो. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकतात. नियम छान आहेत. पण विकणाऱ्याच्या काउंटरवर जुन्या बॅटऱ्यांचा साधा डबाही मला अजून दिसलेला नाही.

तो डबा ठेवावा, शेजारी रोध मोजणारा चार्जर ठेवावा, आणि विकताना बिलावर दोनच गोष्टी लिहून द्याव्यात: वजन ग्रॅममध्ये, रोध मिलिओहममध्ये. पालकांनीही हेच मागावं. मुलाच्या प्रोजेक्टसाठी पैसे मोजताना ते ‘सी’ विचारतात, कारण दुकानदार तेवढाच आकडा मोठ्याने सांगतो.