एक तालुका, दोन समुद्र



आपल्या भागातली नदी म्हटली की ती पूर्वेकडं जाणारी. निपाणीजवळची वेदगंगा असो, बेळगावची मार्कंडेय असो की घटप्रभा, सगळ्यांचं पाणी शेवटी कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. म्हादईची वाट मात्र निराळी. खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ, भीमगडच्या रानात ती उगम पावते, सह्याद्री उतरून गोव्यात जाते, तिथं मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते.

गंमत म्हणजे मलप्रभाही याच तालुक्यातल्या कणकुंबीची. ती निघते पूर्वेकडं. जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडं जाताना मला दर वेळी वाटतं, इथं डोंगराच्या अलीकडं की पलीकडं पडायचं, एवढ्यावरच पावसाच्या थेंबाचा समुद्र ठरतो!

घाट कधी माणसांच्या आड आला नाही. बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांचं राज्य किनाऱ्यापासून हलशीपर्यंत होतं. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर त्यांच्याच काळातलं. पुढं शिवकाळात भीमगडावरून गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवता येई.

या रानाची श्रीमंतीही मोठी. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांनी जगापुढं आणलं. कित्येक वर्षं जगात त्याचं हे एकच ठिकाण माहीत होतं. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं. पण याच रानातल्या मराठी वाड्यांवर पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो.

आणि आता पाण्याचा वाद. कळसा-भांडुरा योजनेतून म्हादईचं काही पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवंय, हे खरंच. पण नदीचं गोडं पाणी घटलं की भरतीचं खारं पाणी आत चढतं, ही गोव्याची काळजीही खोटी नाही. २०१८ साली लवादानं वळवण्यासाठी ३.९ टीएमसी पाणी मंजूर केलं आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

टीव्हीवर हा वाद कर्नाटक विरुद्ध गोवा असा रंगतो. त्यात खानापूरचं नाव क्वचितच येतं. सीमाभागातल्या आपल्या पिढ्या सरहद्दीविषयी बोलत आल्या, तेही रास्तच. पण तरुण मित्रांनो, दोन्ही नद्यांचा उगम आपल्या अंगणात आहे. म्हणून पाणी कुणाचं, यावर बोलताना रान कुणी राखायचं हेही आपणच विचारायला हवं. झाडं तुटली आणि झरे आटले, तर वाटून घ्यायला पाणी उरणार कुठं?

पावसाळा सरला की घरच्यांना घेऊन कणकुंबीला जाऊन या. मलप्रभेचा उगम बघा, मग घाट उतरून मांडवीकाठी चोडणची खारफुटी आणि पक्षी बघा. सकाळी निघालात तर एका दिवसात होतं. मुलांना नकाशा धरायला द्या. वाटेत त्यांचे प्रश्न संपणार नाहीत.