‘ना नोंदणी, ना परवाना’

बारामतीहून इंदापूर सुमारे ५० किलोमीटर, जाऊन-येऊन शंभर. विजेच्या दुचाकीचा कागदावरील पल्ला दोघे बसताच घटतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे. खरी चिंता आहे ती ‘ना नोंदणी, ना परवाना’ या आमिषाची. ही सूट २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्याच वाहनास आहे. काही विक्रेते वेग वाढवून देतात. म्हणूनच २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागास मोहीम उघडावी लागली. असे वाहन कायद्याने मोटार वाहनच ठरते, मात्र त्याला विमा नसतो. अपघात घडला तर भरपाईचा भार कुटुंबावर. पालकांनी दुकानातच मान्यता-प्रमाणपत्र मागावे. टाळाटाळ झाल्यास ‘एमएच ४२’ची रीतसर पाटी मिळणारी गाडी घ्यावी, महाग पडली तरी, आणि चिरंजीवांनी तूर्त सायकलच चालवावी.