होडीत जास्वंद लावणाऱ्यांनो...

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

गेल्या महिन्यात टीम आउटिंगला तळकोकणात गेलो होतो. रिसॉर्टच्या लॉनवर एक लाकडी होडी अर्धी पुरलेली, आत माती, मातीत जास्वंद. आमची जनता फिदा! "सो ऑथेंटिक यार!" पंधरा मिनिटं फोटोसेशन. मीही काढला एक, खोटं कशाला बोलू.

आता लाकडी बोटींचं खरं कौतुक कसं असतं ते सांगतो. प्रोजेक्टच्या निमित्ताने दोन वर्षं सिएटलला होतो. तिथून जवळच पोर्ट टाउनसेंडला १९७७ पासून सप्टेंबरमध्ये लाकडी बोटींचा उत्सव भरतो. मला वाटलं, नुसती वॉर्निशची चमक बघायला मिळणार. तर एक आजोबा शेजारच्या बोटीच्या मालकाला "सुंदर आहे" वगैरे काही न म्हणता विचारतात, "ह्या तीन फळ्या कोणी बदलल्या?" आणि सरळ गुडघ्यावर बसून खाली बघायला लागतात. मालकाला कोण आनंद! त्याने बोटीत बोलावून आधी दाखवलं काय, तर कुजलेलं लाकूड कापून जोड दिलेली जागा. सुताराचं नाव, लाकूड, खिळे, सगळं सांगून झालं. कोड रिव्ह्यू इतका प्रेमाने झालेला मी आजवर पाहिलेला नाही :-)

आणि ह्याला कारण आहे. फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासतात, पाण्यात लाकूड फुगतं आणि फट घट्ट बसते. तीच बोट कोरड्यात ठेवा, फळ्या आकसतात, फटी उघडतात. म्हणजे जपून ठेवलेली बोट मरते आणि वापरलेली जगते. लॉनवरची तर मेलेलीच असते.

"श्रीमंतांचे चोचले रे!" असं म्हणणार तुम्ही, माहीत आहे. अहो, सिएटलमध्येच लेक युनियनवर 'सेंटर फॉर वुडन बोट्स' आहे. तिथल्या जुन्या बोटी भाड्याने मिळतात. मी वल्हवली आहे. (गोल गोल फिरलो, ते सोडा.)

कोकणातल्या मच्छीमाराने फायबर घेतली तर त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. दरवर्षी डागडुजी करायची तर सुतार हवा, लाकूड हवं, पैसा हवा. माझा राग आपल्यावर आहे. मे २०२५ मध्ये 'कौंडिण्य' नौदलात दाखल झालं. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेलं जहाज, गोव्यात बांधलेलं. अभिमानाचे फॉरवर्ड किती आले! ते शिवणाऱ्या कारागिरांचे प्रमुख, केरळचे बाबू शंकरन, त्यांचं नाव मला एकाही फॉरवर्डमध्ये दिसलं नाही. फोटो हवा, हात नकोत.

मी तरी कुठला शहाणा? मालवणकडच्या माझ्या मामाला "फायबर घे, मेंटेनन्सची कटकट नाही" असं मीच फोनवर ऐकवलं होतं. त्याने जुनी होडी विकली, एका रिसॉर्टला. आउटिंगहून आल्यावर त्याला विचारलं, ती बांधणारा सुतार सध्या काय करतो?

"अरे, तो आता कुडाळात मॉड्युलर किचना बसयता."