नऊ सेकंदांचा हिशेब

मैत्रिणींनो, बाहेरगावी जायचं असलं की सकाळी तुम्ही पोटभर पाणी पिता का? खरं सांगा हं. मी तर नाही पीत. अर्धा कप चहा, तोही निघण्याच्या तासभर आधी. आमच्या बचत गटाच्या पंधरा-सोळा जणी बैठकीसाठी जिल्ह्याच्या गावी निघतात, तेव्हा प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याची बाटली असते. संध्याकाळी ती बाटली तशीच भरलेली घरी येते. का, असं कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं.

आज हे सगळं आठवायला निमित्त झालं ते स्पेनमधल्या एका सायकल शर्यतीचं!

माझा भाचा सायकलवेडा आहे. सुट्टीत आला की मोबाईलवर कुठल्या कुठल्या शर्यती लावून बसतो आणि मलाही शेजारी बसवून घेतो. "मावशी, हा चढ बघ," असं त्याचं चालू असतं. मी शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात असताना, तीसुद्धा सपाट रस्त्यावर. पण घाट म्हणजे काय ते मला कळतं. आणि त्या दिवशी त्याने दाखवलेला घाट बघून मी भाजी निवडायची थांबले.

पुरुषांची 'वुएल्ता' म्हणजे स्पेनची फेरी १९३५ पासून आहे. बायकांच्या वाट्याला २०१५ मध्ये काय आलं, तर माद्रिद शहरातली एका दिवसाची शर्यत. मग दोन दिवस, तीन दिवस असं करत करत २०२३ च्या मे महिन्यात 'ला वुएल्ता फेमेनिना' या नावाने बायकांची स्वतंत्र सात दिवसांची शर्यत झाली. दक्षिणेकडे भूमध्य समुद्राकाठच्या तोरेव्हिएहा गावातून सुरुवात आणि उत्तरेला आस्तुरियासच्या डोंगरात शेवट. सातशेहून जास्त किलोमीटर!

शेवटचा चढ होता 'लागोस दे कोवादोंगा'चा. लागोस म्हणजे तळी. पायथ्याशी कोवादोंगाचं देवस्थान आहे. कड्यातल्या गुहेत मेरीमातेची मूर्ती, समोर मोठं चर्च, वर्षभर भाविकांची ये-जा. तिथून रस्ता डोंगरात शिरतो आणि साधारण साडेबारा किलोमीटर चढत एनोल आणि एर्सिना या दोन तळ्यांपाशी, हजार मीटरहून अधिक उंचीवर पोचतो. वर बहुतेक वेळा धुकं. मध्येच 'ला उएसेरा' नावाचा टप्पा लागतो. त्या नावाचा अर्थच मुळी हाडं साठवायची जागा! तिथे चढ पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे बघा, शंभर मीटर पुढे जायचं तर पाच मजली इमारतीइतकं वर चढायचं, सायकल मारत. आणि आधी सहा दिवस सायकल चालवून पाय भरून आलेले असताना!

पण मला जे सांगायचंय ते या चढावर नाही, त्याच्या आदल्या दिवशी घडलं.

नेदरलँड्सच्या दोघी जणींमध्ये चुरस होती. डेमी फोलरिंग छब्बीस वर्षांची. आनेमिक फान फ्लुटेन चाळिशी गाठलेली. (होय, चाळिशी. आपण गुडघ्याला तेल चोळायला लागतो ते वय. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये रिओला उतारावर पडून हिच्या मणक्यांना इजा झाली होती, तरी ही परत सायकलवर!) पाचव्या दिवशी फोलरिंग डोंगरावर जिंकली आणि आघाडीचा लाल जर्सी तिच्या अंगावर आला. सहावा दिवस कास्त्रो उर्दियालेस ते लारेदो, समुद्राच्या बाजूबाजूचा रस्ता, आडवा वारा सुटलेला. वाटेत फोलरिंग आणि तिच्या काही सहकारी लघवीसाठी थांबल्या. नेमक्या त्याच सुमाराला फान फ्लुटेनच्या संघाने वेग वाढवला. वाऱ्यात सगळा जथा तुटला. फोलरिंगच्या संघाने जिवाच्या आकांताने पाठलाग केला, तरी दिवस संपता संपता ती मिनिटभराहून जास्त मागे पडली. लाल जर्सी गेला.

मी तर भडकलेच. एका बाईने दुसऱ्या बाईला अशा वेळी गाठावं?

भाचा म्हणाला, "अगं मावशी, त्यांचं म्हणणं की वाऱ्याची ती जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. वारा काय कुणासाठी थांबतो का?" तेही खरंच. आघाडीवरची खेळाडू अशी थांबली तर हल्ला करायचा नाही, हा संकेत आहे, नियम नव्हे. कुठेही लिहिलेला नाही. आणि पुरुषांनाही याचा फटका बसलेला आहे. २०१७ मध्ये इटलीच्या शर्यतीत टॉम ड्युमुलाँ नावाच्या आघाडीवीराचं भर डोंगरात पोट बिघडलं. रस्त्याकडेला बसावं लागलं आणि दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. शर्यत मात्र शेवटी त्यानेच जिंकली.

म्हणून फान फ्लुटेनला मी दोष देत नाही. सुरुवातीला दिला होता, तो मागे घेते. पण ज्या संकेतावर सगळं चाललंय, तो कुणाच्या सोयीने पडला? पुरुष खेळाडू क्षणभर कडेला उभा राहतो, आणि काही जण तर चालत्या सायकलवरूनच उरकतात. बाईला हे कसं जमावं? सायकलपटूंच्या चड्डीला खांद्यावरून पट्टे असतात. ती खाली करायची तर बहुतेकदा आधी वरचा जर्सी काढावा लागतो. आडोसा शोधायचा, पट्टे सोडायचे, बसायचं, पुन्हा सगळं चढवायचं. आता मागे चेन असलेल्या चड्ड्या निघाल्यात म्हणे. कुणाला तरी सुचलं, बरं झालं. पण वेळ जातोच. दोघांना सारखाच संकेत लावला म्हणून दोघांना सारखाच न्याय मिळाला, असं होत नाही.

माझं साधं मत आहे. शर्यतीतलं मला फारसं कळत नाही, पण घाट कुठे, उतार कुठे, खाण्याच्या पिशव्या कुठे द्यायच्या, हे आयोजक ठरवतातच ना? मग बायकांच्या शर्यतीत रोज एक टप्पा असाही ठरवा, जिथे थांबलेलीवर कुणी हल्ला करायचा नाही. आणि ते कागदावर लिहा. भाचा हसला. "असं कुठे असतं का!" म्हणाला. नसतं, म्हणून तर सांगतेय.

मला त्या प्रकरणातली एक गोष्ट मात्र फार आवडली. ती थांबली कशासाठी, हे कुणी लपवलं नाही. सायकल पंक्चर झाली, चक्कर आली, असलं काही नाही. सगळ्या जगात त्यावर चर्चा झाली. आणि आपण? एका समितीच्या बैठकीत बाजारपेठेतल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय मी मांडला होता. तो यादीत शेवटी टाकला गेला. शेवटी म्हणजे चहा आल्यावर. "ताई, तो तुमचा तो विषय पुढच्या वेळी घेऊ," असं म्हणून सगळे उठले. 'तो तुमचा तो विषय'! नावसुद्धा घेववत नाही. आणि मीही त्या दिवशी मुकाट्याने पिशवी उचलून निघाले, याची मला आजही लाज वाटते.

असो. कोवादोंगाच्या चढावर फोलरिंगने काय केलं ते सांगायचं राहिलं. ती अशी काही सुटली की तो दिवस तिनेच जिंकला. आदल्या दिवशी गमावलेला एकेक सेकंद वसूल करत गेली. फान फ्लुटेन मागून येत होती, चेहरा वेदनेने पिळवटलेला. वर हिशेब झाला तेव्हा सात दिवसांची शर्यत फान फ्लुटेनने जिंकली होती. किती फरकाने? नऊ सेकंदांच्या. पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये हीच शर्यत फोलरिंगने जिंकली, ते वेगळं. पण ते नऊ सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी ही सगळी हकिकत सांगितली. स्पेन कुठे, वुएल्ता काय, कुणाला काही देणंघेणं नव्हतं. पण लघवीचं आलं तशा सगळ्या जणी पुढे सरकल्या. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आक्का, आयुष्यभर बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन पहाटे निघालेल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग दुसऱ्या दिशी त्या पोरीनं पानी पिलं का न्हाई?"

प्यायली असणार, मी म्हटलं. पाण्याशिवाय तो चढ कुणालाच चढता येत नाही, आक्का.